लिमिटर लावा, आणि पासवर्ड मंडळाकडे ठेवा

यंदा गणपतीचं साउंड ठरवायला बसाल तेव्हा बेस किती, टॉप किती आणि भाडं किती एवढ्यावर सुपारी देऊन उठू नका. साउंडवाल्या भाऊंना आणखी दोन गोष्टी विचारा. लिमिटर कुठे बसवला आहे? आणि एकदा लावल्यावर त्याचा पासवर्ड कोणाजवळ राहणार? या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळेपर्यंत बयाणा देऊ नका, अशी सुरतेतल्या भेस्तान, उधना, पांडेसरा, लिंबायत आणि डिंडोलीच्या आपल्या सगळ्या मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. दहीहंडीवाल्यांना आहे, कानबाईची मिरवणूक काढणाऱ्यांना आहे, आणि पोराच्या हळदीला डीजे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही आहे.

मी अँपली, मिक्सर आणि स्पीकर दुरुस्त करणारा माणूस आहे. अनंत चतुर्दशी झाली की जळालेल्या कॉइली आणि फाटलेले डायफ्राम माझ्या टेबलावर येऊन पडतात. साउंडवाल्याचा तो खर्च बहुतेक वेळा टाळता आला असता. पण मला त्याहून जास्त काळजी आहे ती त्या स्पीकरसमोर नाचलेल्या पोरांची, शेजारच्या घरात झोपलेल्या तान्ह्या बाळाची आणि सकाळी लूमच्या खात्यातून सुटून आलेल्या कारागिराची. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. यातलं काहीच अवघड नाही.

मोबाइलमधून किंवा माइकमधून निघालेलं गाणं तारेतून जातं ते सतत वर-खाली होणाऱ्या व्होल्टेजच्या रूपात. आवाज मोठा असला की हा चढउतार मोठा. प्रत्येक यंत्राला तो सोसण्याची एक हद्द असते. अँपलीच्या आतल्या सप्लायकडून जेवढे व्होल्ट मिळतात त्याच्या पलीकडे त्याचं आउटपुट जाऊच शकत नाही. आपण गेन वाढवत राहिलो की लाटेचा माथा त्या हद्दीला जाऊन धडकतो आणि सपाट कापला जातो. अँपलीवरचा लाल दिवा लागतो तो याचसाठी. तो दिवा उत्साहाचा नाही, धोक्याचा आहे.

कापलेल्या माथ्याने काय होतं ते हिशेबाने बघा. ८ ओहमचा स्पीकर आहे आणि अँपली जास्तीत जास्त ४० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. स्वच्छ सूर वाजत असेल तर स्पीकरला १०० वॉट मिळतात. तोच सूर चौकोनी होईपर्यंत कापला गेला तर त्याच ४० व्होल्टमध्ये २०० वॉट जातात. आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. कॉइलमधली उष्णता मात्र दुप्पट. शिवाय कापल्यामुळे मूळ गाण्यात नसलेले कर्कश सूर तयार होतात. एका क्रॉसओव्हरने बेस-टॉप वाटलेल्या पेटीत ते सगळे वरच्या छोट्या ड्रायव्हरकडे जातात. तो बिचारा आधी जातो. 'अँपली कमी वॉटचा होता तरी स्पीकर कसा जळला' असं मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं. त्याचं उत्तर हे आहे.

सिग्नलला हद्दीत ठेवणारी सर्किटं बऱ्याच जातींची आहेत. सगळ्यात साधं डायोडचं. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टला वाहू लागतो. दोन डायोड उलटसुलट जोडले की त्या तारेवरचा सिग्नल त्यापुढे सरकत नाही. झेनर डायोड वापरला तर ही हद्द आपल्याला हवी तिथे ठेवता येते. मीटरचं किंवा मिक्सरचं नाजूक इनपुट वाचवायला ही युक्ती उत्तम आहे. पण गाण्यासाठी ती चालत नाही, कारण डायोडही शेवटी माथा कापतोच.

लिमिटर कापत नाही, मागे खेचतो. तो येणाऱ्या सिग्नलची उंची सतत मोजत असतो. ठरवलेल्या रेषेपर्यंत काहीच करत नाही. रेषा ओलांडली गेली की सेकंदाच्या हजाराव्या भागात पूर्ण सिग्नलचा गेन तेवढ्यापुरता कमी करतो, आणि जोर ओसरला की हळूच सोडून देतो. लाटेचा आकार बराचसा शाबूत राहतो, त्यामुळे गाणं गाण्यासारखं ऐकू येतं. आपल्या लूमवर बाण्याचा धागा तुटला की लूम आपोआप थांबतं. कारागिराचं लक्ष तेव्हा कुठे होतं याची वाट बघत नाही. लिमिटरही कोणाच्या लक्षाची वाट बघत नाही.

ही युक्ती नवी नाही. रेडिओवाल्यांना तिची गरज सगळ्यात आधी लागली. जवळचं स्टेशन कान फाडायचं आणि लांबचं ऐकूच यायचं नाही, म्हणून अमेरिकेत हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९२५-२६ च्या सुमारास रेडिओचा आवाज आपोआप सांभाळणारं सर्किट केलं. १९३७ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा '११० ए' हा लिमिटर आला; निवेदक माइकसमोर अचानक ओरडला तरी प्रक्षेपण हद्दीबाहेर जाऊ नये हे त्याचं काम. तेव्हा ते व्हॉल्व्हचं जड यंत्र होतं. आज आपल्या साउंडवाल्यांच्या रॅकमध्ये जो डिजिटल क्रॉसओव्हर असतो, ज्याला ते डीएसपी म्हणतात, त्यात बेस, मिड आणि टॉप प्रत्येकासाठी वेगळा लिमिटर बहुधा आधीपासूनच दिलेला असतो. वेगळा खर्चही नाही. फक्त तो चालू करायचा, योग्य आकड्यावर लावायचा आणि कुलूप घालायचं.

आता मुख्य गोष्ट. बरेच साउंडवाले म्हणतील, 'दादा, लिमिटर लावलाय की!' ते खोटं बोलत नसतात. पण तो त्यांनी स्पीकर वाचवायला लावलेला असतो. स्पीकरची हद्द आणि कानाची हद्द यात फार मोठं अंतर आहे. बेसच्या चार पेट्यांची भिंत आरामात सोसेल त्या आवाजाच्या कितीतरी खाली माणसाचा कान इजा करून घेतो. तेव्हा 'लिमिटर आहे का' एवढं विचारून भागत नाही. 'कोणत्या आकड्यावर आहे आणि तो आकडा कशासाठी काढला' हे विचारावं लागतं.

कानाचा हिशेब कठोर आहे. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेचा, नायॉशचा, सल्ला असा की ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. डीजेच्या गाडीसमोर नाचणाऱ्याच्या कानाशी ११० पर्यंत आकडा सहज जातो, आणि तिथे हा हिशेब दोन मिनिटांच्याही आत संपतो. आपली मिरवणूक किती तास चालते ते तुम्हाला माहीत आहे.

निसर्गाने कानातही एक लिमिटर दिला आहे. मोठा आवाज आला की कानाच्या आतला एक बारीक स्नायू आवळला जातो आणि हाडांची हालचाल थोडी रोखतो. पण त्याला सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उशीर लागतो, म्हणून सुतळी बॉम्ब त्याच्या आधीच आत पोचतो. तो बहुतेक करून जाड आवाजच थोडे कमी करतो, आणि तासन्‌तास आवाज चालला की थकतो. त्याच्या पलीकडे एका कानात बाहेरच्या ओळीतल्या साधारण १२,००० आणि आतल्या ओळीतल्या साधारण ३,५०० केसपेशी असतात. त्या गेल्या की माणसात परत येत नाहीत.

आणि ज्याच्या हातात मिक्सर आहे त्याचा कान त्या रात्री सगळ्यात जास्त थकलेला असतो. तासभर मोठ्या आवाजात राहिलं की कान काही काळापुरता बधिर होतो. आधीचाच आवाज त्याला कमी वाटू लागतो. ऑपरेटर प्रामाणिकपणे फेडर थोडा वर करतो. अर्ध्या तासाने पुन्हा थोडा. समोरची पोरंही ओरडतात, 'वाढव, वाढव!' त्यांचे कानही तसेच झालेले असतात. यात कोणाची दुष्ट बुद्धी नाही. पण म्हणूनच आवाज किती हा निर्णय रात्री दहाला, गाडीवर उभं राहून, गर्दीच्या समोर घेण्याचा नाही. तो दिवसाउजेडी, थंड डोक्याने, मीटर हातात घेऊन घ्यायचा आणि यंत्रात बंद करून टाकायचा. पासवर्ड ऑपरेटरकडे ठेवू नका असं मी म्हणतो ते त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही. त्याच्याकडे पासवर्डच नसेल तर त्याला गर्दीशी भांडावं लागत नाही. 'माझ्या हातात नाही' एवढं म्हणून तो सुटतो.

आता आपल्या वस्तीचं बोलतो, कारण इथली गोष्ट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांपेक्षा वेगळी आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडून आपली माणसं तापीकाठच्या रेल्वेने उधन्याला उतरली आणि लूमच्या खात्यांत, डाइंगच्या मिलमध्ये लागली. शटलच्या लूमच्या खात्यात आवाज ९० च्या वर असतो, अनेकदा १०० च्या आसपास. तिथे बारा तासांची पाळी. म्हणजे वरचा कानाचा हिशेब आपला कारागीर रोज सकाळीच खर्च करून टाकतो. आपल्या कामगार कायद्यातल्या, कामामुळे होणाऱ्या नोंद घेण्याजोग्या रोगांच्या यादीत आवाजाने येणारा बहिरेपणा आहे. पण खात्यात कानात घालायचे बोळे वापरणारा कारागीर मला क्वचितच दिसतो. ज्याचा कान वर्षभर लूमने झिजवला त्याला सणाच्या दिवशी तरी आराम मिळायला हवा. आपण नेमकं उलटं करतो.

हा बहिरेपणा कसा येतो तेही समजून घ्या, कारण सुरुवातीला तो कळत नाही. आधी बारीक, टोकदार आवाज जातात. माणसाला बोलणं ऐकू येतं पण नीट लागत नाही. 'साठ' म्हटलेलं 'आठ' ऐकू येतं, कारण 'स'चा सळसळणारा आवाज कानाला लागलेलाच नसतो. बायको रागावते की 'तुमचं लक्ष नसतं'. टीव्हीचा आवाज वाढत जातो. मिरवणुकीनंतर दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत असेल तर ती कानाने मारलेली हाक आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

दुसरी गोष्ट रातपाळीची. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली आहे. आपल्या गल्लीत मात्र निम्म्या खोल्यांमध्ये माणसं दिवसा झोपलेली असतात. सकाळी सातला सुटलेला कारागीर नऊला अंग टाकतो आणि अकराला समोरच्या मांडवात बेस सुरू होतो. संध्याकाळी त्याला पुन्हा चालत्या मशीनसमोर उभं राहायचं असतं. झोप न झालेला माणूस लूमजवळ किती सुरक्षित असतो हे तुम्हाला सांगायची गरज नाही. दिवसा परवानगी आहे म्हणून दिवसभर वाजवायलाच हवं असं नाही. सकाळची आरती, मग शांतता, मग संध्याकाळी पाचनंतर पुन्हा, असा क्रम मंडळांनी ठरवला तर रातपाळीवाले दुवा देतील.

कायदा थोडक्यात असा आहे. १४ फेब्रुवारी २००० ला केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले. ते गुजरातलाही लागू आहेत. रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागाला ६५ आणि ५५, औद्योगिक भागाला ७५ आणि ७०. दवाखाना, शाळा आणि कोर्टाभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरता येतं, तिथे ५० आणि ४०. सार्वजनिक जागेत स्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवरचा आवाज भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल त्याच्या पुढे जायला नको. म्हणजे रहिवासी गल्लीत दिवसा मांडवाच्या हद्दीवर ६५. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. परवानगीच्या कागदावर पोलीस ज्या अटी लिहितात त्या अध्यक्षांनी स्वतः वाचाव्यात, नुसती सही करून कपाटात ठेवू नयेत.

हे नियम आपल्या सणांवर राग म्हणून आलेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा जो निकाल आहे, त्यातली याचिका का झाली ते वाचा. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला आणि जवळच्या लाउडस्पीकरच्या गोंगाटात तिच्या मदतीच्या हाका कोणाला ऐकूच आल्या नाहीत, ही १९९८ सालची बातमी त्या याचिकेमागे होती. आपल्या गल्लीत साउंड वाजत असताना कोणी पडलं, कोणाला वाचवा म्हणावं लागलं, तर ऐकू येईल का, हा प्रश्न प्रत्येक मंडळाने स्वतःला विचारावा. आणि अगदी अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, कुर्ल्याच्या नेहरूनगरातल्या रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला सुचवलं की सर्व धर्मांच्या स्थळांवरच्या ध्वनियंत्रणांमध्येच डेसिबलची मर्यादा आतून बसवण्याचा विचार करावा. न्यायालय जे सुचवतं आहे ते आपण इथे भेस्तानमध्ये, कोणी सांगायच्या आधी, आपल्या हाताने करू शकतो.

कसं करायचं? मांडव उभा राहिला की साउंडवाल्यांना दुपारी बोलवा. आवाज मोजायचं साधं मीटर मंडळाने विकत घ्यावं किंवा दोन-तीन मंडळांनी मिळून घ्यावं. ते वर्षानुवर्षं टिकतं. मोबाइलवरच्या ॲपवर विसंबू नका. फोनच्या माइकमागेही आवाज आपोआप दाबणारं सर्किट असतं, फोन ते बोलण्यासाठी वापरतो, आणि मोठ्या आवाजात आकडा खोटा, कमी दिसू शकतो. मीटर मांडवाच्या हद्दीवर, माणसाच्या कानाच्या उंचीला धरा. नेहमीचं दणकेबाज गाणं लावा आणि लिमिटरचा दिवा सतत लागेपर्यंत मिक्सर वर न्या. समजा मीटरवर ७८ आलं आणि तुमची हद्द ६५ आहे, तर लिमिटरची रेषा, ज्याला ते थ्रेशोल्ड म्हणतात, १३ डीबी खाली आणा. पुन्हा मोजा. आकडा बसला की कुलूप घाला, पासवर्ड मंडळाच्या दोन जबाबदार माणसांना सांगा आणि आकडा वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या.

एक सावधगिरी. लिमिटर आहे म्हणून मिक्सर फुल ठेवू नका. तसं केलं तर गाण्यातल्या खाली-वर होणाऱ्या जागा मरतात, सगळं एकसारखं रेषेला चिकटून वाजत राहतं आणि कानाला श्वास घ्यायला जागा मिळत नाही. लिमिटर अधूनमधून लागावा, सतत नाही.

बेसची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण इथेच बहुतेक मंडळं फसतात आणि काही जण फसवतातही. कायद्याचे आकडे 'ए' प्रकारच्या मोजणीतले आहेत. ती मोजणी माणसाच्या कानासारखी जाड आवाजाला कमी धरते. ६३ हर्ट्‌झच्या आवाजातून ती जवळजवळ २६ डेसिबल वजा करते. म्हणून मीटरवर आकडा ठीक दिसतो आणि तिकडे पत्रे थरथरतात, भांडी वाजतात, म्हाताऱ्या माणसाची छाती धडधडते. जाड आवाज भिंतीतून आरपार जातो. दार-खिडकी लावून तो थांबत नाही. तेव्हा मीटरचं बटण 'सी'वर करून दुसऱ्यांदा मोजा. दोन आकड्यांत १५-२० चा फरक असेल तर बेसचा लिमिटर वेगळा खाली ओढा. बेसच्या पेट्या थेट घरांच्या भिंतींना टेकवू नका. आणि एका टोकाला पेट्यांची भिंत उभी करण्यापेक्षा मांडवभर चार-सहा छोटे स्पीकर पसरवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, म्हणून शेवटच्या माणसाला ऐकू जावं यासाठी पहिल्या माणसाचे कान फोडावे लागतात. स्पीकर पसरले की तो प्रश्नच उरत नाही.

मिरवणुकीच्या गाडीला हद्दीचा हिशेब लावणं अवघड जातं, कारण गाडी चालती असते. तरी नियम सुटत नाही. निदान एक गोष्ट गाडीवर बसवाच: पहिली नाचणारी रांग जिथे असेल तिथे आकडा कधीही १०० च्या वर जायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी जी कमाल मर्यादा सांगितली ती हीच आहे, १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल. हा परवाना समजू नका, ही छताची उंची आहे. गल्लीत शिरलात की खाली यावंच लागेल. गाडीच्या पुढे दोर धरून मोकळी जागा ठेवा, आणि खांद्यावर लेकरू घेतलेल्या बापाला त्या दोराच्या आत येऊ देऊ नका.

'आपला आवाज कमी पडला तर समोरच्या मंडळासमोर इज्जत जाईल,' हे मला ऐकावं लागतं. मी पोरांना समजून घेतो. परक्या गावात आलेल्या माणसांना आपण इथे आहोत हे दाखवायचं असतं. सुरतेत मराठी माणसाचा गणपती मोठा झाला तो याच जिद्दीने. पण ही चढाओढ एकट्या मंडळाने थांबवता येत नाही, कारण जो थांबेल तो हरल्यासारखा दिसतो. म्हणून एकाच रस्त्याने जाणाऱ्या मंडळांच्या अध्यक्षांनी विसर्जनाच्या आठ दिवस आधी एकत्र बसून एकच आकडा ठरवावा आणि सगळ्यांच्या गाड्यांवर एकाच मीटरने तो बसवावा. सगळ्यांना एकच मर्यादा असली की कोणाचाच आवाज कमी दिसत नाही. ढोल कोणाचा घुमला, लेझीम कोणाची बसली, देखावा कोणाचा डोळ्यात भरला, यावर मग होऊ द्या चढाओढ.

साउंडवाल्या भाऊंना वेगळं सांगतो. तुमचा धंदा बुडावा असं मला मुळीच वाटत नाही; तुमच्यातले बरेच जण आपल्याच गावाकडचे आहेत, कर्ज काढून पेट्या घेतल्या आहेत. लिमिटर लावलेलं साउंड जास्त वर्षं चालतं, कॉइल जळत नाहीत, पोलीस गाडी उचलून नेत नाहीत. बिलावर 'लिमिटर लावून, आकडा मोजून देणार' असं लिहायला लागा. आणि तुम्ही स्वतः कानात बोळे घाला. फोमचे साधे बोळे नीट पिळून आत बसवले तर आवाज बराच उतरतो, किंमत नगण्य. ग्राहक एका रात्रीपुरता गाडीजवळ असतो, तुम्ही पूर्ण सीझन असता.

ज्यांचे कान आधीच कमी झाले आहेत त्यांनी सिव्हिलच्या किंवा स्मिमेरच्या कान-नाक-घसा विभागात जाऊन तपासणी करून घ्यावी. लाजण्यासारखं त्यात काही नाही. मात्र फुटपाथवर किंवा ऑनलाइन मिळणारा स्वस्त 'कानाचा अँपली' परस्पर घेऊ नका. चांगल्या श्रवणयंत्रातही लिमिटर असतो. आवाज कितीही मोठा आला तरी यंत्रातून किती बाहेर पडू द्यायचा याची कमाल मर्यादा तज्ज्ञ प्रत्येकाच्या कानाप्रमाणे लावून देतो. स्वस्त यंत्रात ती नीट नसेल तर भांडं पडल्याचा, हॉर्नचा आवाजही वाढून आत जातो आणि उरलेलं ऐकूही जातं. ऐपत नसेल त्यांनी सरकारच्या एडिप योजनेतून यंत्र मिळतं का याची चौकशी तिथेच करावी.

राहिली कानबाई. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या घरोघरी ती बसते, रात्र जागते, आणि सोमवारी वाजतगाजत निघते. त्या रात्रीची अहिराणी गाणी आपल्या आज्यांना आणि काकूंना पाठ आहेत, कागदावर फारशी नाहीत. बाहेर डीजे सुरू झाला की आत त्यांचं गाणं कोणालाच ऐकू येत नाही, आणि पोरीसोरींनी ते ऐकलंच नाही तर त्या शिकणार कुठून? त्या रात्री मोठं साउंड सांगू नका. दोन माइक आणि दोन छोटे स्पीकर पुरे. माइकवर १०० हर्ट्‌झखालचा जाड आवाज कापून टाका, म्हणजे धपधप होणार नाही. लिमिटर इथेही लावा, कारण कोणी माइक तोंडाला चिकटवतं, कोणी हातभर लांब धरतं, आणि मध्येच शिट्टी घुसली तर लिमिटर तिला वाढू देत नाही. स्पीकर लेकरांच्या कानाच्या उंचीवर ठेवू नका, वर टांगा आणि तोंड खाली झुकवा. एक माइक म्हाताऱ्या बायांच्या मधोमध खाली, स्टँडवर ठेवा, म्हणजे त्यांना तो हातात धरावा लागणार नाही, आणि सगळ्या जणी बसल्या जागेवरून गातील.